पांढऱ्या गाडीची पारख

पिंपरी पेंढार
२ जून २०२४

तीर्थरूप सोपानमामांस,
मोहिनीचा नमस्कार.

फोन केला होता, तो मामीनं उचलला. म्हणाली, यांना फोनवरचं नीट समजत नाही, कामाचं असेल तर पत्र लिही, दोनदा वाचतील. म्हणून लिहायला बसले.

तुमच्या जावयांचं डायलिसिस फेब्रुवारीपासून चालू आहे हे तुम्हाला माहीत आहेच. मंगळवार, गुरुवार, शनिवार. पहाटे मोटारसायकलवर आळेफाटा, तिथून एसटीनं मंचर, चार तास मशीनवर, मग तसंच परत. जाताना ठीक असतात, येताना पायात जीव राहत नाही. मागच्या गुरुवारी एसटीत जागा मिळाली नाही. नारायणगावपर्यंत दांडा धरून उभे राहिले आणि मग खालीच बसले, लोकांच्या चपलांमध्ये. कंडक्टर म्हणाला, "पावणं, पिऊन आलाय का काय?" मी त्यांना दंडाला धरून उठवत होते. ह्यांनी हाताची पट्टी वर करून दाखवली, तेव्हा तो तिकिटं फाडत पुढं गेला. थोरले दीर संपतभाऊ त्यांच्या पिकअपनं सोडतात कधीमधी, पण त्यांना बाजार असतो.

जुन्नरला दादाभाऊ म्हणून एक निवृत्त शिक्षक आहेत, त्यांची गाडी विकायची आहे. पांढरी, मागं डिक्कीवाली, डिझेल, दोन हजार बाराची. मागची सीट रुंद आहे, ह्यांना येताना आडवं होता येईल. ह्यांना गाडी आवडली आहे. पण म्हणतात, "बारा वर्षांच्या गाडीला मामांनी हात लावल्याशिवाय मी हो म्हणणार न्हाई." तुम्ही येऊन बघाल का? आम्हाला गाडी दिसायला कशी आहे याचं काही नाही. रस्त्यात थांबायला नको, एवढंच.

आरती आठवीत गेली. मामीला नमस्कार.

तुमची,
मोहिनी


पेठ
८ जून २०२४

चि. सौ. मोहिनीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. एसटीतलं वाचून वाईट वाटलं. मी येतो. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी, सोळा तारखेला, सकाळी जुन्नरच्या स्टँडवर उतरतो. आमच्या पोराला, पप्पूला, सुट्टी नाही, मी एकटाच येईन.

तोवर दोन गोष्टी सांभाळ. मी येईपर्यंत दादाभाऊंना गाडी चालू करू देऊ नको. बॉनेट गार पाहिजे. विकणारे लोक गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवतात, मग निम्मे रोग झाकतात. आणि गाडीचे सगळे कागद, सर्व्हिसची बिलं, जेवढी असतील तेवढी काढून ठेवायला सांग. माणूस गाडीबद्दल काय बोलतो ते ऐकायचं आणि बिलं काय म्हणतात ते बघायचं. दोन्हीचा मेळ बसला तर पुढं जायचं.

हायवेला अडतीस वर्षं गॅरेज चालवलं. लोक नाशकाहून गाडी घेऊन यायचे, नुसतं चालू करून म्हणायचे, सोपानभाऊ, ऐका. मी आत चहा पीत असलो तरी आतूनच सांगायचो, तिसऱ्या सिलिंडरचं बघ. तेव्हा तू काळजी करू नको. सुदर्शनरावांना सांग, खोटी गाडी मी तुमच्या दारात येऊ देणार नाही.

तुझा,
सोपानमामा


पेठ
१९ जून २०२४

चि. सौ. मोहिनीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी गडबडीत नीट बोलणं झालं नाही. एसटी गाठायची होती. म्हणून जे बघितलं ते लिहून कळवतो, म्हणजे सुदर्शनरावांजवळ राहील.

बॉनेटचे नटबोल्ट कुणी खोललेले नाहीत, त्यांचा कंपनीचा रंग शाबूत आहे. म्हणजे पुढून मोठा अपघात नाही. चारी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितले, आतल्या टोकाला गाळाची रेघ नाही, म्हणजे गाडी पुराच्या पाण्यात बुडालेली नाही. डिक्कीतल्या स्टेपनीखाली थोडा गंज आहे, तो वयाचा आहे. ब्रेक आणि क्लचच्या पायांची रबरं जेवढी झिजलीत तेवढेच किलोमीटर मीटरवर आहेत, मीटर मागं फिरवलेला नाही. ऑइलच्या झाकणाला आत पांढरी साय धरलेली नाही. सायलेन्सरमध्ये बोट घातलं, काजळी कोरडी आली. चालू करताना निळा धूर नाही.

मागचे दोन टायर बदलून घ्या. बाकी दादाभाऊ सरळ माणूस वाटला. पत्नी गेल्यापासून गाडी शेडमध्येच उभी असते म्हणाले. बोलताना दोनदा डोळे पुसले.

इंजिनाचं म्हणशील तर गोड चालतंय. घेऊन टाका.

तुझा,
सोपानमामा


पिंपरी पेंढार
१४ जुलै २०२४

तीर्थरूप मामांस,
नमस्कार.

गाडी आणून तीन आठवडे झाले. उशिरा लिहिते याचा राग मानू नका. आरतीनं हळद-कुंकू लावून फोटो काढले. पप्पूदादाच्या मोबाइलवर पाठवलेत, त्याच्याकडून बघा.

मामा, काय सांगू. परवा मंचरहून येताना हे मागच्या सीटवर आडवे झाले आणि झोपले. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा येता-येता झोपले. मी गाडी शिकते आहे. जाताना हे चालवतात, येताना मी. आळेफाट्याच्या चौकात अजून गिअर चुकतो. मागून हे डोळे मिटूनच सांगतात, "दुसऱ्यावर घे, दुसऱ्यावर." यांना गिअर कसा कळतो देव जाणे.

सकाळी पहिल्यांदा चालू केली की बारीक शिट्टी वाजते, दोन-तीन मिनिटं. मग जाते. मला काळजी वाटली. हे म्हणाले, "त्या दिवशी जुन्नरला मी मामांना तेच विचारलं व्हतं. म्हटलं, पाण्याच्या मोटारीची बेअरिंग गेली की अशी शिट्टी येती, तसलं काही न्हाई ना? मामा हसले आणि मान हलवून म्हणाले, एवढं चालायचंच." तेव्हापासून आम्ही निश्चिंत आहोत. ह्यांचं सारं आयुष्य दुकानात पाण्याच्या मोटारींचं रिवाइंडिंग करण्यात गेलं, पण तुमच्यापुढं ते स्वतःच्या कानावर विश्वास ठेवत नाहीत.

पाऊस बरा आहे. ह्यांचं वजन दोन किलोनं उतरलं, डॉक्टर म्हणाले अंगातलं पाणी उतरतंय, चांगलं आहे.

तुमची,
मोहिनी


पेठ
२२ जुलै २०२४

चि. सौ. मोहिनीस,
अनेक आशीर्वाद.

फोटो बघितले. आरती उंच झाली. तू गाडी शिकतेस हे वाचून तुझ्या मामीनं साखर वाटली. इकडं पाऊस लागून आहे, बटाटा काढायला उघडीप नाही. मामीचे गुडघे धरलेत. पप्पूची पाळी बदलली, आता रात्रपाळीला चाकणला जातो.

सुदर्शनराव झोपले हे वाचून बरं वाटलं. त्यांना फार पाणी पिऊ देऊ नको.

तू शिट्टीचं लिहिलंस. घाबरण्यासारखं काही नाही. पण इंजिनात एक टायमिंग बेल्ट असतो, त्याला ताण देणारी एक बेअरिंग असते. गाडी जुनी आहे, तेव्हा सवड झाली की जवळच्या गॅरेजमध्ये दोन्ही बदलून घेतलेलं बरं. सुदर्शनरावांना सांग, त्यांना समजेल.

नागपंचमीला आरतीला घेऊन ये.

तुझा,
सोपानमामा


पेठ
२८ सप्टेंबर २०२४

चि. मोहिनीस,
मामाचा आशीर्वाद.

वर सवयीनं सौ. लिहिलं गेलं होतं. तो कागद फाडला. हा दुसरा.

दहाव्याला आलो होतो, पण घाटावर बायकांच्या घोळक्यात तू मान वर केली नाहीस आणि मलाही पुढं यायचा धीर झाला नाही. संपतभाऊंनी मला बाजूला घेऊन झालेलं सांगितलं. त्यांच्या तोंडाकडं बघून समजलं तेवढं समजलं, उरलेलं पप्पूनं एसटीत कागदावर लिहून दिलं. शनिवारी चौदा तारखेला मंचरला जाताना गाडी कळंबच्या अलीकडं बंद पडली. इंजिनात एकदा खाडकन वाजलं आणि मग चावी फिरवली तरी काही नाही. दुसरी गाडी मिळून तुम्ही पोचेपर्यंत मशीन दुसऱ्या पेशंटला दिलं होतं. डायलिसिस झालं नाही. आणि सोमवारी सकाळी सुदर्शनराव गेले.

खाडकन वाजलं ते काय ते मला विचारायला नको. बेल्ट तुटला. बेअरिंग जाम झाली आणि तिनं बेल्ट खाल्ला. शिट्टी त्याच बेअरिंगची होती.

आता जे लिहितो ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या मामीलाही नाही, पण तिला आणि पप्पूला माहीत असणार. मला फक्त फोनवरचंच कमी ऐकू येतं असं नाही. सहा वर्षं झाली, मला जवळपास काहीच ऐकू येत नाही. उजवा कान पूर्ण गेला. डाव्याला कुणी जवळ येऊन मोठ्यानं बोललं तर गुणगुण येते. लोकांच्या तोंडाकडं बघून, अंदाजानं, मान हलवून दिवस काढतो. गॅरेज पप्पूच्या नोकरीमुळं बंद केलं असं सगळ्यांना सांगितलं. खरं कारण हे होतं.

त्या रविवारी जुन्नरला मी बाकी सगळं नीट बघितलं. त्यात कसूर केली नाही. पण बेल्ट बदलल्याचं बिल कागदांत नव्हतं. दादाभाऊ म्हणाले, बदललाय, बिल कुठंतरी पडलं असेल. पूर्वी मला बिलाची गरज नव्हती, गार इंजिन चालू केलं की आवाजावरून सांगायचो. त्या दिवशीही तसंच केलं. लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनावर टेकवला आणि मूठ कानाला लावली. तुम्ही सगळे माझ्याकडं बघत होता. मला हाडाला थरथर लागली, एवढंच. सुदर्शनराव काहीतरी विचारत होते. तोंड हललं, शब्द कळले नाहीत. मला वाटलं, मागच्या टायरांचं विचारतायत. मी हसलो आणि एवढं चालायचंच म्हणालो.

तुझं जुलैचं पत्र वाचलं तेव्हा, शिट्टी, हा शब्द आला आणि मला कळलं. त्याच दिवशी एसटीत बसून तुमच्याकडं यायला पाहिजे होतं. दोन-अडीच तासांचा तर रस्ता. सांगायला पाहिजे होतं की गाडी जागेवरून हलवू नका. पण मग तेव्हा ऐकू आलं नाही का, असं तुम्ही विचारलं असतं. म्हणून पावसाचं, बटाट्याचं लिहून मधेच चार ओळी घातल्या, सवड झाली की बदलून घ्या म्हणून. तू उत्तर धाडलं नाहीस, मी समजलो काम झालं. समजलो नाही, तसं समजून घेतलं.

क्षमा मागावीशी वाटते. कुठल्या तोंडानं मागू. गाडी पेठेला आणून दे, इंजिन मी खोलून बांधून देतो. हात अजून चालतात.

सोपानमामा


पिंपरी पेंढार
२४ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप मामांस,
नमस्कार.

तुमचं पत्र आल्यावर पंधरा दिवस मी ते कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं. मग संपतभाऊंना वाचायला दिलं. त्यांनी वाचून घडी घातली आणि म्हणाले, "म्हाताऱ्याला काय लिहायचं ते तूच लिही." ते तुमच्यावर रागावलेत हे तुमच्यापासून लपवत नाही. मीही रागावले होते. अजून आहे, कधी असते, कधी नसते.

तुमचं बावीस जुलैचं पत्र मला कधीच मिळालं नाही. बेल्टचं मी पहिल्यांदा तुमच्या या पत्रात वाचलं. मग घर शोधलं. ह्यांच्या डायलिसिसच्या फाइलमध्ये रिपोर्टांच्या मागं ते पत्र निघालं. पोस्टमननं दुकानात दिलं असणार. पत्राच्या पाठीवर ह्यांच्या अक्षरात आळेफाट्याच्या एका मेकॅनिकचा नंबर आहे. त्याखाली, चार दिवस गाडी ठेवावी लागेल. आणि त्याखाली, गणपती झाल्यावर.

चार दिवस म्हणजे दोन वेळा एसटी. ह्यांना ती एसटी नको होती मामा. मला सांगितलं असतं तर मी गाडी दुसऱ्याच दिवशी नेऊन लावली असती, हे त्यांना माहीत होतं. म्हणून मला सांगितलं नाही. मी त्या मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, "ताई, मी त्यांना म्हटलं व्हतं, लई दिवस काढू नका. ते म्हणाले, आजवर थांबली न्हाई, पंधरा दिवस अजून थांबायची न्हाई."

आता माझं ऐका. गाडी बंद पडली तिथंच आम्हाला झेंडूची एक पिकअप मिळाली, तिच्यातून गेलो. मंचरला पोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते. तिथल्या सिस्टर चांगल्या आहेत. म्हणाल्या, संध्याकाळी सहाला एक मशीन मोकळं होतंय, थांबा, लावून देते. हे म्हणाले, "एक वेळ चुकली म्हणून काय होतंय, मंगळवारी लावू. घरी गणपती बसलाय, पावणं यायचेत." सिस्टर माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हणायला पाहिजे होतं की थांबायचं. पण मीही थकले होते, आणि घरी स्वयंपाक व्हायचा होता. मी चला म्हणाले.

रविवारी घर भरलेलं होतं. गणपतीच्या आरतीनंतर नारळ फोडला. नारळाचं पाणी आणि केळं ह्यांना विषासारखं, हे डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलेलं, मी तो कागद फ्रिजला चिकटवलेला. ह्यांनी नारळाच्या पाण्याची वाटी तोंडाला लावली. माझ्याकडं बघितलं आणि लहान मुलासारखे हसले. मी बघितलं आणि दुसरीकडं तोंड केलं. सात महिन्यांत मी त्यांना प्रत्येक घोटाला टोकलं होतं. एक दिवस टोकलं नाही.

सोमवारी सकाळी मी चहा घेऊन गेले, तर हे गेलेले होते.

डॉक्टरांना मी विचारलं, एक वेळ चुकल्यानं झालं, की त्या पाण्यानं? ते म्हणाले, असं एकाच गोष्टीचं नाव घेता येत नाही. त्यांनी माझ्यासाठी तसं म्हटलं असेल. मी तुम्हाला तेच म्हणणार नाही. शिट्टीचं तुम्ही खरं सांगितलं असतंत तर तो शनिवार तसा गेला नसता. हे मला धुऊन टाकता येत नाही.

आणि अजून एक. तुम्हाला ऐकू येत नाही हे मला तेव्हाच कळलं होतं. जुन्नरला दादाभाऊंच्या दारात चहाला बसताना मी मागून तीनदा मामा म्हणून हाक मारली. तुम्ही वळला नाहीत. गाडीचं बॉनेट तेव्हा बंद होतं, इंजिन बंद होतं, रस्त्यानं कुणी जात नव्हतं. मी ओळखलं. आणि गप्प बसले, कारण तुम्ही गाडीला नाही म्हणाला असतात, किंवा हे तुम्हाला मानायचं थांबले असते, तर ती गाडी आली नसती. मला ती गाडी हवी होती. चपलांमध्ये बसलेलं माणूस मला परत बघायचं नव्हतं.

गाडी अंगणात ताडपत्रीखाली आहे. पेठेला आणणार नाही. तुमच्या हातावर माझा अविश्वास नाही, पण ती परत चालू झालेली मला ऐकवणार नाही. ओतूरचा एक माणूस बघायला आला होता. त्यानं विचारलं, "ताई, गाडी कशी हाय?" मी त्याला सगळं सांगितलं. बेल्ट, शिट्टी, कुठं थांबली, त्यानंतर काय झालं. तो ऐकत राहिला आणि चहा न घेता गेला. दुसरा येईल त्यालाही असंच सांगेन.

दुकान मी उघडलंय. हे शिकवत होते त्यातलं निम्मं मला येतं. उरलेलं उज्ज्वलाचा भाऊ येऊन दाखवतो. उज्ज्वला म्हणजे शेजारची, तुम्ही दहाव्याला तिला बघितलंय.

तुम्ही कानाच्या डॉक्टरकडं जा. हे मी रागानं लिहीत नाही.

मोहिनी


पेठ
१२ जानेवारी २०२५

चि. मोहिनीस,
मामाचा आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या आठवड्यातच पप्पूनं मंचरला नेलं. तपासलं, मापं घेतली. परवा कानाचं मशीन मिळालं. डाव्या कानाला लावतो, उजव्याला उपयोग नाही.

माझ्याकडं अजून लोक जुन्या गाड्या घेऊन येतात. मागच्या सोमवारी सुपे-धामणीकडचा एक जण आला, म्हणाला, भाऊ, ऐका. मशीन तेव्हा आलं नव्हतं. मी सांगितलं, मला ऐकू येत नाही, सहा वर्षं झाली, तू दुसऱ्या कुणाला दाखव. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. दोनदा सांगावं लागलं. गेला. मी दार लावून घेतलं. आता मशीन आलं तरी तेच सांगणार आहे. त्यात गाडीचा आवाज येतो, पण पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. त्यावर कुणाचा जीव ठेवायचा नाही.

तू हाक मारलीस ते वाचून मी ताठ बसलो होतो. तीनदा. मग वाटलं, या सहा वर्षांत किती जणांनी मारल्या असतील. तू लिहिलंस त्यातलं काही पुसावं असं मी म्हणणार नाही. तुझा वाटा तू घेतलास, त्यानं माझा कमी होत नाही.

मशीन लावून घरी आलो तेव्हा पप्पू कामावर गेला होता. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसलो. भाकरी थापल्याचा आवाज आला. तवा ठेवल्याचा आला. तुझी मामी मला पाठमोरी होती. इतक्या वर्षांत ती माझ्याशी हातानं बोलते, जेवायला बोटं तोंडाशी, चहाला मूठ. मी म्हटलं, सोनीबाई, आता मला येतंय ऐकू, काहीतरी बोल.

तिनं वळून बघितलं. पीठ भरलेला हात तसाच धरून उभी राहिली. मग म्हणाली,

"काय बोलू?"

तिचा आवाज किती म्हातारा झालाय.

सोपानमामा